उजव्या हाताची जागा

१

आमच्या गल्लीत कोण कधी उठतं, कुणाकडं पाहुणे आले आणि ते कुणीकडचे, हे मला कुणी सांगावं लागत नाही. सकाळी सडा टाकला की मी ओट्यावर तांदूळ निवडत बसते आणि सगळी गल्ली माझ्यापुढून जाते. लोक म्हणतात, नर्मदाबाईला दुसरं काम नाही. नसू दे. सातवीपर्यंत शाळा झाली, आमचे मालक पूर्ण्याच्या स्टेशनातच नोकरीला होते ते गेले, मूलबाळ नाही. माणसं बघणं हेच माझं वाचन.

शेजारी सुग्रीव आणि बबिता राहतात. दर वर्षी पोराला घेऊन दोघं ऊस तोडायला जातात. त्यांची राजेश्री वीस वर्षांची, बारावी झालेली. तिच्या नांदेडच्या मामानं तिला आपला जुना कॅमेरा दिला आणि तेव्हापासून पोरीला दुसरं काही सुचेना. शेळी बघितली की फोटो, पूल बघितला की फोटो.

"मावशी, हलू नका! असंच बसा!"

"अगं बाई, केस तरी विंचरू दे की!"

"तसंच तर छान दिसायलंय!"

एक दिवस ती पळतच आली. चप्पल एका पायात, दुसरी हातात. स्टेशन रोडवरच्या फोटोवाल्या हरिओमला लग्नसराईसाठी हाताखाली माणूस पाहिजे होता. ती गेली होती, आणि प्रीतम म्हणून एक पोरगा गेला होता. दोघंही नवखे. हरिओम म्हणाला, तीन लग्नं दोघांनाही नेतो, मग एकाला ठेवतो.

सुग्रीवनं ऐकून घेतलं. यंदा कारखाना उशिरा चालू होणार होता म्हणून ते अजून घरी होते. तो म्हणाला, "तीन लग्नं. न्हाई जमलं तर गुमान ट्रकमधी बसायचं. तुझ्या भावाच्या जोडीला तुझा कोयता लिहून ठिवलाय मुकादमानं."

बबिता म्हणाली, "पण तरण्या पोरीला परक्या मांडवात एकटीला कसं धाडू?"

"एकटी कशी?" मी म्हणाले. "मी हाय की!"

"मावशीला जेवायला निमित्त झालं," सुग्रीव हसला.

"जेवण तर हायच. पण माणसं किती बघायला मिळतील रे!"

खरं सांगते, त्या रात्री राजेश्रीपेक्षा मलाच झोप नव्हती.

२

पहिलं लग्न झरी गावचं, दुपारी साडेबाराचं. आम्ही नऊलाच मांडवात हजर. नवरदेव मारोतीच्या पाया पडायला गेलेला, नवरी आत नटत होती, भटजींचा पत्ता नव्हता. बँडवाले कडेला चादरीवर आडवे. दारात एका मुलीनं मला मूठभर अक्षता दिल्या, कुंकवात रंगवलेली ज्वारी. मी हातातच धरून ठेवल्या.

हरिओम दोघांना शिकवत होता. "अंतरपाट पांढरा असतो. लाईट नीट नसला की नवरीचं तोंड नुसतं पांढरं फटक येतं. म्हणून आधी बघून घ्यायचं. राजेश्री, तू नवरीच्या पाटावर उभी राहा. प्रीतम, कापडाचं एक टोक धर. आणि मावशी, तुमी नुसत्याच बसलात ना? धरा दुसरं टोक."

मला तर आकाश ठेंगणं झालं! मांडवात मानाचं काम!

आम्ही कापड ताणून धरलं. अलीकडं राजेश्री, साध्या पंजाबी ड्रेसात, पण पाटावर उभी राहिली आणि अशी गोजिरी दिसली की दृष्ट काढावी. पलीकडचा पाट रिकामा. हरिओम कॅमेऱ्यातून बघत "थोडं वर, थोडं वर" म्हणत होता. मला राहवलं नाही. मी मोठ्यानं सूर लावला, "शुभमंगल सावधान!" आणि हातातल्या अक्षता उधळल्या.

बँडवाल्यांच्या कानाला "सावधान"ची सवय. पडल्या पडल्या एकानं ढोलावर दणका दिला, दुसऱ्यानं डोळे न उघडता पिपाणी फुंकली. सगळा मांडव हसायला लागला. बाजेवरचा एक म्हातारा दचकून उठला. "लागलं का लगीन? आमी अजून जेवलो न्हाई!"

प्रीतमच्या हातून हसता हसता कापड सुटलं. पलीकडं रिकामा पाट, त्यावर लाल ज्वारी पसरलेली. एवढंच.

एक गोष्ट तेव्हाच बघितली होती, पण मनात धरली नाही. कापड खाली पडलं तेव्हा राजेश्रीनं मान जरा पुढं झुकवली होती. माळ गळ्यात पडताना नवरी झुकवते तशी. मला वाटलं, डोक्याला कापड लागलं असेल.

३

दुसऱ्या दिवशी हरिओमच्या दुकानात फोटो बघायचे होते. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी गेले.

प्रीतमच्या फोटोत कुणाचं डोकं कापलेलं, कुणाचे पाय. राजेश्रीचे मात्र असे स्वच्छ की नवरीच्या कपाळावरचा हळदीचा कण न कण मोजून घ्यावा. मी तर टाळ्याच वाजवल्या. पण हरिओम एकेक फोटो मोठा करून बघत होता.

"राजेश्री, ही माणसं कुठं बघायलीत?"

"कॅमेऱ्याकडं."

"न्हाई. तुझ्या शेजारी बघायलीत. तुझ्या उजव्या हाताला, जरा वर. एकदोन फोटोत असलं तर समजू शकतो. चारशे फोटोत? स्टेजवर आलेल्या माणसाला आपल्याकडं बघायला लावता येत न्हाई, तर काय उपयोग?"

मी चष्मा लावला आणि पुढं वाकले. खरंच. नवरा, नवरी, करवल्या, दोन्हीकडचे मामा, कडेवरची पोरं, सगळ्यांच्या नजरा एकाच ठिकाणी. राजेश्रीच्या उजवीकडं हातभर, तिच्या डोक्याच्या जरा वर. तिच्याहून उंच कुणी शेजारी उभं असेल तर त्याचं तोंड असेल तिथं.

"तिथं कोण होतं गं?" मी विचारलं.

"कुणीच न्हाई, मावशी. लाईटचा स्टँड होता."

स्टँड! मी ते धरूनच ठेवलं. लाईट लागला की माणूस बघणारच तिकडं. साधी गोष्ट.

पण फोटो पुढं सरकत राहिले आणि माझी नजर म्हाताऱ्या बायांवर गेली. एकजात सगळ्यांनी पदर पुढं ओढलेला, आणि पदराआडून तोंडावर एक हसू. ते हसू मी हजार वेळा बघितलंय. दिवाळीला जावई दारात आला की सासूच्या तोंडावर येतं ते.

स्टँडपुढं कुणी पदर ओढतं का?

मी चष्मा काढून ठेवला. पोरीचं तोंड आधीच उतरलं होतं.

४

दुसऱ्या, बोरी गावच्या लग्नाला मी पहिलं काम काय केलं, तर लाईटचा स्टँड उचलून राजेश्रीच्या डाव्या हाताला नेऊन ठेवला. हरिओम ओरडला, पण मी म्हणाले, राहू द्या, डावीकडून तोंडं उजळ येतात. त्यानं बघितलं, तर खरंच येत होती.

मग मी खुर्चीत बसून मन लावून लग्न बघितलं. काय ते लग्न! नवरदेव बैलगाडीतून आणलेला, बैलांच्या शिंगांना सुद्धा फेटे. राजेश्री इकडून तिकडं पळत होती, कधी गुडघ्यावर, कधी खुर्चीवर, घामानं चिंब आणि डोळे असे चमकत होते की बाई गं! मला वाटलं, हिला ऊस तोडायला नेणं म्हणजे पाप आहे.

माझ्या शेजारी जिंतूरकडची एक बाई बसली होती. लग्नात असतातच अशा, जेवणाआधी दहा पोरी बघून ठेवणाऱ्या. मला तर अशा बाया जीव की प्राण. तिनं विचारलं, "ती फोटोवाली पोरगी तुमची का?"

"पोटची न्हाई, पण पोटच्यासारखी. बारावी झालीय. स्वयंपाक येतो. स्वभाव म्हणाल तर..."

"माझ्या भाच्यासाठी बघायलोय आमी. जरा जवळून बघून येते."

ती उठून गेली. राजेश्रीच्या समोर जाऊन उभी राहिली, आणि दोन मिनिटांत परत आली. तोंड लाल.

"काय बाई चेष्टा लावलीत! लगीन झालंय की पोरीचं."

"कुणाचं? राजेश्रीचं? कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? मी काय आंधळी हाय का?"

तिनं खुर्ची उचलली आणि चार रांगा सोडून पलीकडं जाऊन बसली.

मी राजेश्रीकडं बघितलं. गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा होता, दुसरं काही नाही. हातात हिरव्या बांगड्या नाहीत, पायात जोडवी नाहीत. ती स्टेजपुढं उभी होती. भोवती एवढी गर्दी, पोरं लोंबकळत होती, वाढपी बादल्या घेऊन पळत होते. पण तिच्या उजव्या हाताला माणूसभर जागा मोकळी होती. लोक तिथून जात नव्हते. वळसा घालून जात होते. एका वाढप्यानं तर "सरका सरका" म्हणत बादली उंच धरली आणि तेवढी जागा चुकवून पुढं गेला.

५

परतताना जीप खचाखच भरली. राजेश्री खिडकीला नाही, एक जागा सोडून बसली होती. दोन बाया वाकून उभ्या. मी एकीला म्हणाले, "बसा की तिथं, मोकळं हाय."

तिनं तिकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "कुठं बसू? जागा हाय का?"

प्रीतम माझ्यापुढं बसला होता. पूर्ण्याला उतरल्यावर त्यानं बॅग हरिओमच्या हातात दिली. "सर, मी न्हाई येत उद्यापासून."

"का रे? आत्ता कुठं हात बसायलाय तुझा."

"तिच्यासंग काम जमत न्हाई. लाईट घेऊन तिच्या उजवीकडं जायला बघतो तर मला उभंच राहता येईना. कुणी ढकलत न्हाई. पण दुसऱ्याच्या जागेवर उभं राहिल्यासारखं वाटतंय."

हरिओम हसला. त्याला वाटलं, पोरीचे फोटो आपल्यापेक्षा चांगले येतात म्हणून पोरगा रुसला. मलाही तेच वाटून घ्यायचं होतं.

बोरीच्या फोटोतही सगळ्यांच्या नजरा तिथंच. हरिओम म्हणाला, "तिसरं लग्न शेवटचं. नजर कॅमेऱ्यात आली तर राहा, न्हाई तर राम राम."

संध्याकाळी राजेश्री ओट्यावर माझ्याजवळ आली. आपल्या उजव्या हाताला जागा सोडून बसली. आता मला ते दिसायलाच लागलं होतं.

"भ्या वाटायलं का गं?" मी विचारलं.

"न्हाई मावशी. आधी लय वाटायचं, परक्या माणसांत. आता कुणीतरी संग उभं असल्यासारखं वाटतंय."

"कोण?"

"तुमी! दुसरं कोण?" ती खळखळून हसली. पण हसताना माझ्याकडं बघत नव्हती.

मी सातवी शिकलेली बाई आहे. मांडवात चेष्टेनं फेकलेल्या चार दाण्यांनी काही होत नाही, एवढं मला कळतं. रोज हजार जण हजार वेळा चेष्टा करतात. पण ज्वारी मी फेकली होती. सावधान मी म्हणाले होते. बबिताला सांगावं म्हणून मी दोनदा उठले. सांगितलं तर पोरगी उद्या ट्रकात, हातात कोयता. नाही सांगितलं तर काय, ते मला माहीत नव्हतं.

मी ठरवलं, तिसऱ्या लग्नात त्या जागेवर मी स्वतः उभी राहणार. बघू कोण उठवतं ते!

६

तिसरं लग्न पूर्ण्यातच, मंगल कार्यालयात. दुसऱ्या दिवशी सकाळी सुग्रीवचा ट्रक निघणार होता. बबितानं राजेश्रीचे कपडे पण गाठोड्यात बांधले होते.

मी नवीन लुगडं नेसले आणि सकाळी आठलाच तिथं गेले. हॉल रिकामा, नुसत्या खुर्च्या. फुलवाले कमानीला झेंडू लावत होते. हरिओमनं नवऱ्याच्या बाजूनं मोठा लाईट लावला आणि म्हणाला, "अंतरपाट धरा, बघून घेऊ. प्रीतम न्हाई, तर रामहरी, तू धर." रामहरी म्हणजे कार्यालयाचा वॉचमन.

मी पुढं झाले. "पाटावर मी उभी राहते," मी म्हणाले. "राजेश्रीला धरू द्या कापड."

"मावशी, नवरी तुमच्याएवढी रुंद असती का?" रामहरी हसला.

तोवर राजेश्री टुणकन पाटावर चढली होती. मी टोक धरलं. काय करणार?

पलीकडून लाईट, मध्ये कापड. कापडावरचं कुंकवाचं स्वस्तिक उजळून निघालं. मी राजेश्रीकडं बघत होते. तिची नजर कापडावर होती, आणि तोंडावर लाज आली होती. मग मीही कापडाकडं बघितलं.

कापडावर सावली होती. डोक्याची, खांद्यांची. डोक्यावर बाशिंगाचा टोकदार आकार, आणि त्याच्या मुंडावळ्या हलत होत्या.

मी टोकालाच उभी होते. मान वळवली की पलीकडं दिसत होतं. मी वळवली. पलीकडं पाट रिकामा, मागं लाईट, लाईटमागं झेंडूच्या टोपल्या. फुलवाले लांब कमानीजवळ. नवरदेव तर अजून घरून निघालाही नव्हता.

परत कापडाकडं बघितलं. सावली होतीच.

"झालं. सोडा मावशी," हरिओम कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाला.

मी सोडलं नाही. माझी बोटं पांढरी पडली. तोंड गच्च मिटून घेतलं, चुकून एक शब्द बाहेर पडू नये म्हणून.

"मावशी, सोडा की!"

सावलीनं हळूच मान झुकवली. राजेश्रीनं हात वर केले, रिकामे, पण माळ धरल्यासारखे जरा फाकवलेले. मग रामहरीच्या हातून त्याचं टोक निसटलं, कापड घसरलं आणि लख्ख लाईट माझ्या डोळ्यांत शिरला. काही दिसलं नाही.

"एक नंबर आलाय लाईट!" हरिओम म्हणाला.

मी खुर्चीत बसले, तांब्याभर पाणी प्यायले. लाईटपुढून फुलांचा हार कुणी नेला असेल. तोरण हललं असेल. मी मनाला दहा कारणं दिली. मग उठले, तो चंदेरी पत्रा घेतला, रिफ्लेक्टर म्हणतात त्याला, आणि राजेश्रीच्या उजव्या हाताला जाऊन उभी राहिले.

कुणी ढकललं नाही. उलट, कसं सांगू? भरलेल्या बसमध्ये म्हातारं माणूस चढलं की एखादा चांगल्या घरचा पोरगा उठतो, काही न बोलता, आणि आपण त्याच्या ऊबदार जागेवर बसतो. अगदी तसं वाटलं. दिवसभर मी तिथं उभी होते आणि दिवसभर माझ्या मागं कुणीतरी अदबीनं उभं होतं. मी एकदाही मागं वळले नाही.

आणि लोक? लोक कॅमेऱ्यात बघत होते! आजी, मामा, करवल्या, झाडून सगळे!

७

चार वाजता झाल झाली, म्हणजे पोरीला सासरच्यांच्या हवाली करायचा विधी, आणि नवरी रडत गाडीत बसली. हरिओमनं कॅमेऱ्याच्या काचेवर एकेक फोटो बघितला. आम्ही दोघी त्याच्या खांद्यावरून डोकावत होतो.

"जमलं की गं!" तो म्हणाला. "सगळ्या नजरा कॅमेऱ्यात! रविवारपासून ये. पूर्ण सीझन तू माझ्याकडं."

राजेश्रीनं किंकाळीच फोडली. मला उचलायला बघितलं, उचलता येईना, मग दोघी हसून हसून रडलो. मी म्हणाले, "आता ट्रक जाऊ दे एकटाच! तू माझ्याकडं राहा, घर मोठं हाय." सुग्रीवला फोन लावला तर तो म्हणाला, "बरं झालं. लय बरं झालं."

"थांबा, तुमच्या दोघींचा एक काढतो," हरिओम म्हणाला. "दुसऱ्यांचेच काढत राहतो आपण."

आम्ही कमानीखाली उभ्या राहिलो. ती डावीकडं, मी तिच्या उजव्या हाताला. मी तिच्या खांद्यावर हात टाकला. सगळा दिवस जिंकल्यासारखं वाटत होतं.

हरिओमनं एक डोळा मिटला. मग कॅमेरा खाली घेतला, परत वर केला.

"मावशी, जरा सरका."

का, म्हणून मी विचारलं नाही. मागं वळून बघितलं नाही. कुणी दिवसभर जागा दिली, तर आपणही द्यावी, असं काहीतरी मनात आलं असेल. मी तिच्या खांद्यावरचा हात काढला आणि चांगलं माणूसभर सरकले.

"हां! आता बरोबर बसलं," हरिओम म्हणाला.

सकाळी ट्रक गल्लीच्या तोंडाशी उभा होता. भांडी, गाठोडी, बांधलेली शेळी, वर सगळी माणसं. राजेश्रीचे कपडे गाठोड्यातून काढून बबितानं माझ्या हातात दिले. मग राजेश्रीनं मोबाईलवर आईला तो फोटो दाखवला. बबिताला यातलं काहीच माहीत नव्हतं. झरीचं नाही, बोरीचं नाही, काही नाही. पोरीचं तोंड बघायला तिनं हौसेनं मोबाईल हातात घेतला.

"किती छान आलीस गं..." ती म्हणाली आणि थांबली.

तिचा दुसरा हात वर गेला. आपला हात कुठं चाललाय हे तिला कळलं नसावं. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, कपाळाच्या खाली, आणि पदराआडून हसली.